भाचीने गाडी घेतली आणि यादी पाठवली

भाचीने जुनी गाडी घेतली. पेट्रोलची, साध्या गिअरची, आधीच्या मालकाने बऱ्यापैकी सांभाळलेली. गाडी हातात येते न येते तोच तिने मला एक यादी पाठवली: नवशिक्याने घरच्या घरी करायची कामं. खाली प्रश्न, "आत्या, यातली कुठली करू?" यादीत सगळ्यात वर होतं इंजिन ऑइल बदलणं. त्याखाली ब्रेक पॅड. टायरमधली हवा तपासणं पार तळाशी, गाडीला पॉलिश करण्याच्याही खाली.

मी मेकॅनिक नाही. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत यंत्रांची देखभाल बघते, आणि स्वतःच्या गाडीचं जेवढं जमतं तेवढं स्वतः करते, थोडं हौसेने, थोडं हट्टाने. भाचीला फोनवर सांगायला लागले तर संपेचना, म्हणून लिहून काढलं. तिला चालणार आहे म्हणाली, म्हणून इथे टाकतेय.

अशा याद्या काम सोपं की अवघड या हिशेबाने लावलेल्या असतात, आणि माझं भांडण तिथेच आहे. ब्रेक पॅड बदलणं हाताला तसं अवघड नाही. चाक काढा, कॅलिपरचा (पॅड चकतीवर दाबून धरणाऱ्या भागाचा) बोल्ट सोडवा, जुने पॅड बाहेर, पिस्टन मागे दाबा, नवे पॅड आत. उलट काही गाड्यांत हेडलाइटचा साधा बल्ब बदलायचा तर बंपर सोडवावा लागतो, बोटं सोलवटून निघतात. तरी मी भाचीला बल्ब बदल म्हणेन आणि पॅडला हात लावू नकोस म्हणेन. मी बघते ते एवढंच: काम बिघडलं तर ते कधी कळेल, आणि तेव्हा गाडी कुठे असेल? बल्ब नीट बसला नाही तर तो लागत नाही. गाडी जागेवर उभी असतानाच समजतं. पॅड चुकीचा बसला, एखादी क्लिप राहिली, तर ते समजतं ब्रेक दाबल्यावर. आणि ब्रेक जोरात दाबायची वेळ येते ती समोर कुणी आल्यावर.

याच्या जोडीला दुसरा प्रश्न: केलेलं परत पहिल्यासारखं करता येईल का? एअर फिल्टर उलटा बसला तर काढून सुलटा बसवता येतो. इंजिनच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चेंबरमधले आटे एकदा गेले की गेले.

या दोन प्रश्नांवर यादी लावली की ती जवळजवळ उलटी होते.

म्हणून सुरुवात हवेपासून. हे काम गॅरेजवाला तुमच्यासाठी करूच शकत नाही, कारण ते महिन्यातून एकदा तरी व्हायला हवं आणि गाडी सर्व्हिसिंगला जाते वर्षातून एकदा, फार तर दोनदा. चांगला टायरसुद्धा हळूहळू हवा सोडतो. भाचीचं म्हणणं, "पण डॅशबोर्डवर दिवा लागतो की!" लागतो, पण बहुतेक गाड्यांत तो हवा वीस-पंचवीस टक्क्यांनी उतरल्यावर लागतो. बत्तीसच्या जागी चोवीस-पंचवीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) झाल्यावर. तोपर्यंत टायर कडेने घासत असतो, पेट्रोल जास्त जात असतं आणि वळणावर गाडी जड वाटत असते. आणि जुन्या गाडीत तो दिवा असेलच असंही नाही.

किती हवा भरायची हे टायरवर लिहिलेलं नसतं. टायरच्या कडेवर जो आकडा असतो तो त्या टायरला झेपणाऱ्या कमाल दाबाचा. आपल्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी, दार उघडल्यावर दिसणाऱ्या खांबावर चिकटवलेला असतो. काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. त्यात पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात, आणि गाडी माणसांनी-सामानाने भरली असेल तेव्हाचे आणखी वेगळे.

हे आकडे थंड टायरचे आहेत. म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. धावपळ करून आलेल्या माणसाचा रक्तदाब लगेच मोजू नये, तसंच हे. टायर चालून तापला की आतल्या हवेचा दाब चढतो, आणि तापलेल्या टायरची हवा काढून आकडा जुळवला की गार झाल्यावर ती कमी पडते. नुसतं हवामान बदललं तरी फरक पडतो: तापमान दहा अंश सेल्सिअसने उतरलं की साधारण दीड-दोन पीएसआय कमी. थंडीच्या पहिल्या सकाळी तो पिवळा दिवा लागतो तो बऱ्याचदा पंक्चरमुळे नाही, यामुळे. स्वतःचं प्रेशर गेज घ्या. डब्यात ठेवण्याएवढं असतं. सार्वजनिक पंपांवरचे गेज हजार हातांनी आपटलेले असतात.

हवा बघायला खाली वाकलोच आहोत तर टायरही वाचायचा. इथे खरी मजा आहे. दोन्ही कडा झिजल्यात आणि मधला भाग शाबूत, म्हणजे बरेच दिवस हवा कमी होती. मधला पट्टा झिजलाय, कडा चांगल्या, म्हणजे जास्त होती. एकच कड झिजली असेल तर चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे त्यांचा कोन, बिघडलंय; ते यंत्रावरच होतं. पण तिथे जायचं हे तुम्हाला कळलं, कुणी सांगायची वाट बघावी लागली नाही. नक्षीच्या खाचांत मधूनमधून छोटे रबरी उंचवटे असतात. नक्षी झिजत त्यांच्या पातळीला आली की साधारण १.६ मिलिमीटर उरली, आणि बऱ्याच देशांत तीच कायद्याची शेवटची मर्यादा आहे. मी तिथपर्यंत थांबत नाही. ओल्या रस्त्यावर खाचा पाणी बाहेर काढतात, त्या उथळ झाल्या की टायर पाण्यावर तरंगायला लागतो. आणखी एक: कडेवर डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. जुनी गाडी घेतलेल्याने हे पहिल्याच दिवशी बघावं, कारण न वापरता उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरची नक्षी भरगच्च दिसते आणि रबर मात्र वाळून चिरलेलं असतं. स्टेपनीचाही आकडा बघायचा, आणि तिच्यातली हवासुद्धा. तिची आठवण पंक्चर झाल्यावरच येते. ती जर बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिचा दाब इतर चाकांपेक्षा बराच जास्त असतो, बहुधा ६० पीएसआय, आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नसतं. दोन्ही आकडे तिच्या अंगावर लिहिलेले असतात.

आता बॉनेट उघडू. माझं भाचीला सांगणं आहे: इथे सगळं बघ, थोड्यालाच हात लाव. बघण्याने काही मोडत नाही.

डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं झालेली (नेमकं कसं ते गाडीच्या पुस्तकात बघा, काहींना गरम इंजिन लागतं, काहींना गार). काढा, पुसा, परत पूर्ण आत घाला, काढा. दोन खुणांच्या मध्ये ओल दिसली की झालं. बऱ्याच लहान गाड्यांत खालची खूण आणि वरची खूण यांत साधारण एक लिटरचा फरक असतो, म्हणजे पातळी अर्ध्यावर असेल तर डबाभर ओतायची गरज नाही. थोडं थोडं घाला, थांबा, परत बघा. वरच्या खुणेच्या वर गेलेलं ऑइल जास्तीचं पुण्य मिळवत नाही. क्रँकशाफ्ट (इंजिनचा फिरता दांडा) त्यात घुसळायला लागली की फेस होतो, आणि फेस वंगण देत नाही. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, काजळी पोटात घेणं हे त्याचं कामच आहे. दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर मात्र बॉनेट बंद करून मेकॅनिकला फोन: पाणी किंवा कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रावण) त्यात मिसळत असण्याची शक्यता आहे.

आणि डॅशबोर्डवरचा तो लाल तेलाच्या झारीचा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. चालत्या गाडीत तो लागला तर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हा विचार करायचा नाही. बाजूला घेऊन इंजिन बंद.

कूलंटची टाकी बहुतेक गाड्यांत अर्धपारदर्शक असते, बाहेरूनच पातळी दिसते. म्हणून झाकण उघडायचं कारणच नाही, आणि गरम इंजिनवर तर अजिबात नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं, दाब सुटला की ते एका क्षणात उकळून तोंडावर येतं. गार इंजिन, पातळी थोडी कमी, तर पुस्तकात लिहिलेल्याच प्रकारचं घाला. रंग जुळला म्हणून प्रकार जुळला असं समजू नका, कंपन्या रंग मनाला येतील ते देतात. कूलंट जमिनीवर सांडलं तर लगेच धुऊन टाका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही मरतात.

ब्रेक ऑइलची छोटी टाकी. हिच्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण यादीत 'पातळी कमी असल्यास भरा' असं एका ओळीत लिहिलं होतं आणि ती ओळ मला सगळ्यात जास्त खुपली. ब्रेकची यंत्रणा बंद असते. त्यातलं ऑइल उडून जात नाही, जळून जात नाही. पातळी खाली गेली तर कारणं दोनच: एक तर पॅड झिजलेत, त्यामुळे पिस्टन पुढे सरकलाय आणि त्याच्या मागच्या वाढलेल्या जागेत ऑइल गेलंय, नाहीतर कुठेतरी गळतंय. पहिल्या प्रकारात ऑइल भरलं तर पॅड संपत आल्याची सूचना तुम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकली, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला की जास्तीचं ऑइल वरून सांडणार. ते रंगावर पडलं तर रंग उचलून काढतं. दुसऱ्या प्रकारात तर भरून गाडी चालवणं म्हणजे जुगार. म्हणजे पातळी बघणं हे तुमचं काम, भरणं नाही. पातळी खाली गेलेली दिसली की ती बातमी मेकॅनिकला द्यायची.

हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकाराचं नवं, कोरडं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको असतं. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर सारखे ब्रेक दाबून ते तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो आणि पाय जमिनीला टेकतो. म्हणून बऱ्याच कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी कितीही कमी चालली असली तरी. जुन्या गाडीच्या कागदपत्रांत याची नोंद नसेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी आठवणीने सांगायचं.

ब्रेकचा विषय निघाला की मला बेर्टा बेन्झ आठवते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांना सोबत बसवून, जर्मनीतल्या मानहाइमहून फॉर्झहाइमला माहेरी गेली. शंभर किलोमीटरहून जास्त अंतर, आणि तोवर मोटार एवढी लांब कुणी नेलीच नव्हती. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इग्निशनच्या तारेचं आवरण गेलं तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा मात्र ती चांभाराकडे गेली आणि त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. ही हकिकत सांगताना सगळे त्या पिनेचं कौतुक करतात. मला चांभाराकडे जाणं जास्त आवडतं. ज्या बाईने पिनेने नळी उकरली ती चामडंही कुठूनतरी मिळवून ठोकू शकली असती.

बरं, हात लावायची कामं. एअर फिल्टर: बहुतेक गाड्यांत डब्याच्या चार-पाच क्लिपा किंवा स्क्रू, जुना बाहेर, डब्यातली पानं आणि किडे पुसून नवा आत, रबराची कड सगळीकडून नीट बसली की नाही ते बोट फिरवून बघायचं. जुना फिल्टर पाण्याने धुऊ नका, कागदी असतो. एसीचा फिल्टर बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्याच्या मागे. त्याच्या अंगावर हवेच्या दिशेचा बाण असतो, जुना काढतानाच त्याचा फोटो घ्यायचा. भाचीच्या गाडीतून बाहेर निघालेला फिल्टर बघून तिला आधीच्या मालकाबद्दल वाटणारा आदर बराच कमी झाला. वायपरच्या पट्ट्या हातानेच निघतात, पण एक काळजी: पट्टी काढलेला नुसता लोखंडी हात स्प्रिंगने काचेवर आपटला तर काच तडकते. खाली जाडसर टॉवेल घालून ठेवा. वायपरच्या बुडाशी काचेखाली जी जाळी असते तिथली पानं उचलायची सवय लावा. तिथली पाण्याची वाट बुजली की पाणी गाडीच्या आत उतरतं आणि मग कुबट वास कुठून येतो हे कुणालाच सापडत नाही.

फ्यूज. झाकणाच्या आत नकाशा असतो, रंगावरून अँपिअर कळतात: लाल दहा, निळा पंधरा, पिवळा वीस. गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घालायचा. पंधराचा परत परत जातोय म्हणून वीसचा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर तापेल. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. कागदात धरा. नव्या गाड्यांतल्या एलईडी दिव्यांना बल्ब नसतोच, तो अख्खा दिवाच बदलावा लागतो, तिथे तुमचा प्रश्न आपोआप सुटला.

बॅटरी मी मधल्या पायरीवर ठेवते. तिची निगा राखणं नक्की तुमचं. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासायची, पुसून कोरडं करायचं. साधा मल्टिमीटर असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ च्या आसपास पाऊण, आणि १२ च्या जवळ असेल तर ती जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना तोच आकडा साधारण १४ च्या आसपास चढायला हवा. चढला नाही तर दोष बॅटरीत नाही, तिला चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे बघायला हवं, आणि नवी बॅटरी घेऊन तुम्ही पैसे फुकट घालवणार होता. एवढ्या एका मोजणीसाठी मल्टिमीटर घ्यावा असं मी म्हणते. पण मी यंत्रांची माणूस आहे, मला सगळ्यालाच मोजावंसं वाटतं, ते सोडून द्या.

बॅटरी काढायची असेल तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. पाठ करायचं नसेल तर कारण लक्षात ठेवा: गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला आहे. निगेटिव्ह जोडलेली असताना तुम्ही पॉझिटिव्हचा नट सोडवताय आणि पाना पत्र्याला टेकला, तर बॅटरीचा सगळा करंट त्या पान्यातून जातो. पाना लाल होतो, ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. निगेटिव्ह आधीच सुटलेली असेल तर पाना पत्र्याला टेकला तरी काही होत नाही. हातातली अंगठी-बांगडी आधी काढा, धातू तो धातूच. आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर थांबा. तिला वेगळ्या प्रकारची बॅटरी लागते, आणि काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याचं गाडीच्या संगणकाला सांगावं लागतं. तिथे बसवायचं काम दुसऱ्याला द्यावं.

आता यादीतलं पहिलं काम. इंजिन ऑइल बदलणं हे नवशिक्याचं पहिलं काम असं सगळीकडे सांगतात, आणि मला ते पटत नाही. माझ्या दोन प्रश्नांवर ते नापास होतं. तळाचा बोल्ट कमी आवळला, फिल्टर नीट बसला नाही, तर ते बऱ्याचदा गाडी उभी असताना कळत नाही. रस्त्यावर ऑइल तापून पातळ झाल्यावर, दाब चढल्यावर कळतं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर दोन रिंगांच्या मधून काही मिनिटांत सगळं ऑइल बाहेर. याउलट बोल्ट भीतीने जास्त आवळला तर आटे जातात, आणि ते परत येत नाहीत. त्यात भर म्हणजे बहुतेक गाड्यांत गाडी उचलून खाली शिरावं लागतं. शेवटी हातात उरतं चार लिटर वापरलेलं ऑइल. ते गटारात किंवा मातीत ओतायचं नसतं, ते घेणारी जागा आधी शोधायला हवी.

हे काम वाईट नाही, मी करते. पण वर्षभर बाकीचं केल्यावर करावं, आणि पहिल्यांदा करताना शेजारी हे काम आधी केलेलं कुणीतरी असावं. करायचंच ठरलं तर गाडी कधीही नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. जॅक उचलण्यासाठी आहे, तोलून धरण्यासाठी स्टँड असतात. बोल्टचा वॉशर नवा घालायचा, बोल्ट टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने) पुस्तकातल्या आकड्याला आवळायचा. फिल्टरच्या रिंगेला नव्या ऑइलचं बोट फिरवायचं आणि फिल्टर फक्त हाताने घट्ट करायचा. मग इंजिन थोडं चालवून, बंद करून, खाली ओल दिसते का ते बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

चाक बदलणं माझ्या नियमात बसत नाही, हे कबूल. नट सैल राहिले तर ते रस्त्यावरच कळणार. पण तो प्रसंग तुम्ही निवडत नाही, तो येतो, आणि येतो तेव्हा अंधार असतो. म्हणून एकदा दिवसाउजेडी सपाट जागी सराव करायचा. हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, काढायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला उटी. नट गाडी उचलायच्या आधी अर्धा फेरा सैल करायचे, नाहीतर चाकच फिरतं. जॅक फक्त पत्र्याला ठरवून दिलेल्या जागी लावायचा. पुस्तकात चित्र असतं. आवळताना समोरासमोरचे नट, एकाच दिशेने गोल नाही. पान्यावर उभं राहून आवळायचं नाही, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत तपासायचे. या सरावात भाचीला समजलं की तिच्या गाडीत जॅक आहे आणि पाना नाही.

हात न लावायच्या गोष्टी थोडक्यात. ब्रेक, वर सांगितलं. सस्पेन्शनची स्प्रिंग, दाबून बसवलेली असते, सुटली तर हाड मोडते. एसीचा गॅस. टायमिंग बेल्ट, एक दाता चुकला तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, ज्याची पातळी ठरावीक तापमानालाच मोजावी लागते. पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर बहुधा त्या एअरबॅगच्या, आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड नारिंगी केबल म्हणजे शेकडो व्होल्ट. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी मात्र "आम्हाला काही कामच नाही" म्हणू नये. टायर, वायपर, एसीचा फिल्टर आणि बहुतेकांत बारा व्होल्टची छोटी बॅटरी त्यांनाही आहेच.

भाचीचा शेवटचा प्रश्न होता तो गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राबद्दल, घेऊ का म्हणून. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून एकाच ठरावीक आकाराचं सॉकेट सक्तीचं झालं, त्यामुळे एकच छोटं यंत्र बहुतेक गाड्यांना चालतं. सॉकेट स्टीअरिंगच्या खाली सापडतं. घे म्हणाले. फक्त कोड म्हणजे निदान नाही, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आत्याकडून ऐकून ठेव. पी०४२० हा कोड आला की लोक थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनच्या धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) बदलायला निघतात. तो कोड सांगतो इतकंच की कन्व्हर्टर हवं तेवढं काम करताना दिसत नाही. सायलेन्सरची नळी वर कुठे फुटली असेल, सेन्सरच खोटं बोलत असेल, तरी तोच कोड येऊ शकतो. कोड लिहून ठेवायचा, तो कुठल्या परिस्थितीत आला ते लिहायचं, आणि पुसून टाकायच्या आधी मेकॅनिकला दाखवायचा.

वहीही तिने घेतली आहे. पहिल्या पानावर चारही टायरचे चार आकडे, हवेचा दाब, ऑइलचा प्रकार. पुढे तारीख, किलोमीटर आणि केलेलं काम. गाडी वॉरंटीत असणाऱ्यांनी यासोबत घेतलेल्या वस्तूंची बिलंही जपावीत, आणि पुस्तकात सर्व्हिसिंगची दोन वेळापत्रकं असतील तर 'खडतर वापर' हे आपल्यासाठी नाही म्हणून सोडून देऊ नये. रोज जवळच्या जवळ, इंजिन तापायच्या आत थांबणाऱ्या फेऱ्या बहुतेक कंपन्या त्यातच मोजतात.